गच्चीवर पफ पॅनलची खोली बांधताय? मग हे बघून घ्या

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर विटांची खोली म्हणजे भट्टीच, म्हणून आम्ही पफ पॅनल घेतले, दोन्ही बाजूंना पत्रा आणि मधे फोम, सँडविचच म्हणा ना. भिंतीला 50 मिमी चालतं पण छताला 80 नाहीतर 100 घ्या, ऊन तिथेच सगळ्यात जास्त बसतं, कंजूसपणा नको. रंग पांढरा.

आधी लोखंडी फ्रेम, खाली यू चॅनल (पॅनल ज्यात उभं राहतं ती U आकाराची धातूची पट्टी), मग पॅनल एकमेकांच्या खाचेत बसवत जायचे. खरी मेख जॉइंटमध्ये आहे, फट राहिली की उन्हाळ्यात गरम हवा आणि पावसात पाणी, त्यामुळे प्रत्येक जॉइंटला सिलिकॉन, कोपऱ्यात फोम स्प्रे. आमच्या मिस्त्रीने ग्राइंडरने कापलं, ठिणग्यांनी कोटिंग जळलं आणि पहिल्याच पावसाळ्यात कडेला गंज 😑 जिगसॉच (उभ्या पात्याची छोटी इलेक्ट्रिक करवत) वापरायला लावा. पत्र्यावरची प्लास्टिक फिल्म लगेच काढा, उन्हात चिकटली की नखं तुटतात पण ती निघत नाही.

वायरिंग पॅनलच्या बाहेरून केसिंगमध्येच (प्लास्टिकची झाकणाची पट्टी), पॅनल कोरत बसू नका. आणि हो, पफ पेट घेतो, वर किचन करायचं असेल तर रॉकवूलवालं पॅनल मागा, म्हणजे मधे फोमऐवजी न जळणारी दगडी लोकर असलेलं. पश्चिमेला खिडकी नको, पण हवा कोंडते म्हणून एक एक्झॉस्ट ठेवाच.