गव्हातलं गोटग्रास कसं ओळखायचं

अमेरिकेत कन्सास-कोलोरॅडोकडे हिवाळी गव्हात एक गवत घुसतं, जॉइंटेड गोटग्रास, शास्त्रीय नाव एजिलॉप्स सिलिंड्रिका, आणि लहानपणी ते इतकं गव्हासारखं दिसतं की शेतकरीपण फसतो. पानाची कड उजेडात धरून बघा, कडेने एका ओळीत सारख्या अंतरावर उभे केस दिसले की समजा हेच. तरी डाऊट असेल तर रोप अलगद मुळासकट उपटा, खाली दाण्याऐवजी जुन्या कणसाचा लाकडी तुकडा चिकटलेला सापडतो, मग विषयच संपला! ओंबी बारीक नळीसारखी, पिकली की पेराला पेर सुटून पडते.

आता घालवायचं कसं? साधी फवारणी चालत नाही, कारण गव्हाचाच भाऊबंद आहे, दोघांत डी जिनोम, म्हणजे गुणसूत्रांचा एक संच, कॉमन. इमाझामॉक्स हे तणनाशक सहन करणारा गहू मिळतो, पण तो दरवर्षी लावू नका, संकर होऊन ती ताकद गवतात जाऊ शकते. त्यापेक्षा दोन-तीन वर्षं ज्वारी, मका, सूर्यफूल असली उन्हाळी पिकं घ्या, बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं ना. आणि हो, कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, दुसऱ्याच्या शेतातून आलं असेल तर आधी झाडून घ्या.