सवळ्या पाण्यातला जंकस: पाऊस सरायच्या आत करायची तयारी

जंकस लावायचं मनात असेल तर मिठाच्या आधी गोड्या पाण्याची सोय करा. समुद्रकाठच्या दलदलीत वाढणारं हे झाड. लव्हाळ्यासारखं दिसतं, कमरेच्या वर जातं, भरतीचं खारं पाणी मुळाशी घेऊन वर्षानुवर्षं जगतं. पण त्याचं बी खाऱ्या पाण्यात रुजत नाही. तिकडे किनाऱ्यावरसुद्धा पावसाने किंवा नदीच्या पुराने चिखलाचा वरचा थर धुऊन निघाला की मगच ते उगवतं, आणि तोवर खारट चिखलात मरून न जाता थांबून राहतं. क्षार सोसायची ताकद झाडाला मुळं धरल्यावर, बुडखा जाड झाल्यावर येते. म्हणून पहिले चार-पाच महिने गोडं पाणी आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने सवळं, म्हणजे थोडं खारट. सगळी तयारी याच क्रमाने करायची.

हस्ताचा पाऊस निघून जायच्या आत एक स्वच्छ ड्रम पन्हळीखाली लावून ठेवा. दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने १०० लिटर पाणी होतं. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्या, नंतरचं भरा आणि तोंडाला कापड बांधा. बोअरच्या पाण्यावर रोपं काढायचा मोह टाळा. परभणी, जालना, बीडकडच्या कितीतरी बोअरचं पाणी इतकं जड असतं की आठ दिवसांत ट्रेच्या कडेला पांढरी पापडी धरते. पिठासारख्या बारीक बियाला ती पापडी फोडून वर येणं जमत नाही.

आता कोणता जंकस, हे नीट ठरवा. शोभेच्या रोपवाटिकांत जंकस म्हणून बहुधा जंकस इफ्यूसस मिळतो, कधी त्याचा पीळदार दांड्यांचा प्रकार. तो गोड्या पाण्याचा आहे. जपानमध्ये तातामी चटया विणतात त्या याच जातीच्या. त्याला सवळं पाणी घातलं तर पिवळा पडून जाईल आणि तुम्ही दोष द्याल आपल्या पाण्याला. खाऱ्या पाण्याचे ते वेगळे. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यापासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जंकस मॅरिटिमस आढळतो. प्राचीन इजिप्तमधले लेखनिक याच झाडाच्या दांड्या कापून, टोक चावून कुंचल्यासारख्या लेखण्या करत. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जंकस क्राउसी वाढतो. झुलू बायका त्याच्या चटया विणतात, आणि सेंट लुसियाच्या खाडीत दरवर्षी मे महिन्यात त्याची कापणी ठरवून दिलेली असते. तिसरा जंकस रिजिडस. हा इजिप्तमध्ये समुद्रापासून दूर, वाळवंटातल्या खारट पाणथळींतही वाढतो. ऊन आणि कोरडी हवा त्याच्या सवयीची, म्हणून आपल्या मे महिन्याचा विचार करता माझा कल याच्याकडे आहे. जंकस अॅक्यूटस मात्र टाळा. त्याची टोकं सुईसारखी असतात, डोळ्याला इजा करतील अशी, आणि ऑस्ट्रेलियात तो उपद्रवी तण ठरला आहे.

बी बाहेरच्या देशातून मागवायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात घालून टपालाने चार दाणे मागवणं सोपं वाटतं, पण तो कायद्याचा भंग आहे आणि त्या पाकिटातून कोणती कीड येईल याची कुणालाच खात्री देता येत नाही. त्याआधी देशातल्या देशात चौकशी करा. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि कर्नालची केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी क्षार सोसणाऱ्या वनस्पतींवर काम चालतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला सोबत घेऊन विचारलं तर पत्रव्यवहार सोपा जातो. हे काम महिनोन् महिने चालतं, म्हणून ते उन्हाळ्यातच सुरू केलेलं बरं.

बी येईपर्यंत पाणी आणि माती तपासून घ्या. साधा टीडीएस मीटर घरात असू द्या, एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो दाखवतो. सोबत पीएच बघायच्या पट्ट्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० टीडीएस. गावातल्या आरओ प्लांटच्या मागच्या नळीतून नालीत सोडलं जाणारं पाणी त्यापुढे काहीच नाही. १,००० टीडीएसच्या बोअरमधून निम्मं पाणी शुद्ध करून काढलं, तर उरलेल्या निम्म्यात सगळे क्षार येऊन ते २,००० च्या आसपास जातं. मोसंबीला किंवा तुळशीला ते नको, पण मोठ्या झालेल्या जंकसला ते सहज चालतं. मराठवाड्यात हे झाड लावण्यासारखं मला सर्वात जास्त याच कारणासाठी वाटतं. जारचं पाणी घरोघर पोचलं, आणि त्यामागे रोज वाहून जाणारं सवळं पाणी मात्र कुणाच्या हिशेबात नाही.

मातीचा अहवाल वाचताना खारवट आणि चोपण यांत गल्लत करू नका. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर पण पीएच ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट, तिच्यावर उन्हाळ्यात पांढरा फुलोरा दिसतो. पीएच ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ती चोपण, ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. समुद्रकाठच्या झाडाला पहिली ओळखीची, दुसरी नाही. आणखी एक बघा. ही ४ ची मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या अर्काची आहे. आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात. त्या पद्धतीत आकडा बराच कमी येतो, म्हणून कोणती पद्धत वापरली ते अहवाल घेतानाच विचारा.

जागा टबातलीच धरा. फुटलेली सिंटेक्स आडवी कापून, सिमेंटची जुनी टाकी किंवा जाड प्लास्टिकचा टब, तळाला छिद्र नसलेला, निदान ४० सेंटीमीटर खोल. दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवा. सावलीत दांड्या लांबट होऊन लोळतात. आपली काळी माती टबात भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. तीन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, वरून चार बोटं बारीक खडी. पाण्याची पातळी खडीच्या थराखालीच ठेवा, म्हणजे डास अंडी घालायला उघडं पाणी राहत नाही. टबाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने त्या पातळीची रेघ मारून ठेवा. उन्हाळ्यात सगळा कारभार त्या रेघेवर चालतो.

पेरणी दिवाळी झाल्यावर. तेव्हा दिवस उबदार आणि रात्र थंड असते, आणि हा चढउतार जंकसच्या बियाला मानवतो. पसरट ट्रेमध्ये धुतलेली बारीक वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन काढा, कारण नारळाच्या काथ्यात मूळचेच क्षार असतात. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेका. त्यावर माती घालू नका. या बियाला उगवायला उजेड लागतो, आणि बोटभर मातीखाली गेलेलं बी वर येत नाही. तळहाताने हलकं दाबा, पावसाच्या पाण्याची बारीक फवारणी करा, ट्रे दोन सेंटीमीटर पाण्याच्या थाळ्यात ठेवा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक झाका. लख्ख उजेड हवा, पण कडक ऊन नको. दोन ते चार आठवड्यांत हिरवे केस दिसू लागतील. तोवर माती एकदाही वाळू देऊ नका. थाळ्यातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून लगेच नवं भरा. डासांसाठी आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करायचा जो कोरडा दिवस सांगतात, त्यात रोपांच्या थाळ्याही येतात.

शेवाळ हा या टप्प्यावरचा खरा शत्रू. मातीवर हिरवी साय धरली की कोवळी रोपं त्याखाली गुदमरतात. प्लास्टिक रोज थोडा वेळ उघडा, आणि खत तर अजिबात घालू नका.

रोपं चार-पाच सेंटीमीटरची झाली की ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेत हलवा. एकेक रोप सोडवत बसू नका, आठ-दहा रोपांचा पुंजका उचलून एका कप्प्यात लावा. एकटं रोप मागे पडतं, पुंजका मात्र लवकर सावरतो. टबात जाताना दोन पुंजक्यांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. मार्चपासून वर ५० टक्क्यांचं शेडनेट लागेल. पहिला उन्हाळा सावलीतच काढावा लागतो, त्यात कसूर नको.

सवळं पाणी द्यायचं ते रोपं टबात लावून त्यांना नवा फुटवा आल्यावर. पहिले दहा दिवस एक भाग आरओचं सांडपाणी, तीन भाग पावसाचं. मग निम्मं-निम्मं, मग तीन-एक, मग पूर्ण. प्रत्येक वेळी नवी दांडी हिरवी निघते का बघा, जुन्यांची टोकं थोडी तपकिरी झाली तर घाबरू नका. याहून खारं करून बघायची हौस असेल तर दर लिटरला २ ग्रॅम खडेमीठ, दहा दिवसांनी आणखी २, असं वाढवत १० ग्रॅमवर थांबा. या झाडाला क्षार सोसतात, पण त्याची वाढ सर्वात चांगली गोड्या किंवा मचूळ पाण्यातच होते. मीठ घातल्याने ते जोमदार होतं हा समज चुकीचा आहे.

मे महिन्यात आपल्याकडे टबातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पातळी निम्म्यावर आली म्हणजे खारटपणा दुप्पट झाला. म्हणून रेघेपर्यंतची भर गोड्या पाण्याची घालायची, सवळ्याची नव्हे. त्यासाठी पावसाचं एक ड्रम उन्हाळ्याला राखून ठेवा. टबाचं टीडीएस आठवड्याला मोजा, आणि पावसाळ्यात दोन-तीन मोठ्या सरी टबावरून वाहू देऊन साठलेले क्षार धुऊन काढा. ते पाणी शेतात किंवा विहिरीकडे जाणार नाही अशी नाली आधीच काढा.

कालव्याच्या झिरप्याने जमीन चिबडली, तिथे हा लावू का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच आहे. जंकस जमिनीतले क्षार शोषून ती सुधारेल ही आशा खोटी आहे, त्याच्या दांड्यांतून निघणारे क्षार अगदी थोडे. खारवट जमिनीला निचऱ्याचे चर आणि गोडं पाणी हवं, चोपणीला जिप्सम. हिरवं काही उभं करायचंच तर धैंचा किंवा कर्नाल गवत आहे, त्यांचा अनुभव आपल्या देशातला आहे. परदेशी पाणवनस्पती नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठी किंवा गोदावरीच्या ओढ्यात सोडणं तर सपशेल चूक. जायकवाडीच्या उथळ पाण्यावर हिवाळी पक्षी उतरतात, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथल्या काठाची वनस्पती आपल्या हौसेपायी बदलता कामा नये.

याच काळजीने फुलोरा आला की तो कापायचा. या जातींत तुरा दांडीच्या बाजूला फुटल्यासारखा दिसतो, टोक त्याच्याही वर सरळ जातं. बोंडं तपकिरी व्हायच्या आत कापा. बी धरायचंच असेल तर एक-दोन तुऱ्यांना पातळ कापडी पिशवी बांधा. पिकलेल्या एका बोंडात भरपूर बी असतं, वाऱ्याने आणि पाण्याने ते दूर जातं. पिशवी घरातच, कागदावर झटका. चाळणीने कोंडा काढा, कागदी पुडीत भरून कोरड्या बरणीत ठेवा. पुडीवर जात, महिना आणि ज्या पाण्यावर झाड वाढलं त्याचं टीडीएस लिहा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बियाची गरजही उरत नाही. मृगाचा पाऊस लागून हवा दमट झाली की बुडखा उपटून धारदार खुरप्याने फोडा. प्रत्येक तुकड्याला पाच-दहा दांड्या, बोटभर आडवं खोड आणि त्यावर निदान एक कोवळा अंकुर हवा. दांड्या वीतभर ठेवून छाटा, पण छाटलेली टोकं पाण्याच्या वरच राहू द्या. त्यांच्या आतल्या पोकळ गराकडून हवा मुळापर्यंत पोचते, टोक बुडालं की तुकडा खालून कुजतो. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. तीन आठवडे सावली आणि गोडं पाणी, आणि मग पुन्हा एक-तीनच्या मिश्रणापासून सुरुवात.