स्कूटर एका जातीची, सवयी दुसऱ्या जातीच्या: खान्देशात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे चार वेगळ्या जातींच्या गाड्यांना सरसकट 'स्कूटी' म्हणतात. एक, 110-125 सीसीची व्हेरिएटरवाली (बेल्ट आणि पुलीवर आपोआप गिअर बदलणारी) पेट्रोल स्कूटर. दोन, एक्सएल 100 सारखी मोपेड. तीन, नंबर प्लेटची इलेक्ट्रिक. चार, बिननंबरची कमी वेगाची इलेक्ट्रिक. गॅरेजला येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ एकच: जुन्या गाडीची सवय नव्या जातीच्या गाडीवर चालवलेली असते.

शेताला स्कूटर

मोपेडची चाकं 16 इंची, स्कूटरची 10 ते 12 इंची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर स्कूटर घातली की चिखल मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरेनासं होतं. त्यात पायाशी 45 किलोचं युरियाचं पोतं ठेवलं, तर पुढचा भाग जड होतो, हँडल पुरतं वळत नाही आणि पाय बाहेर लोंबकळतात. रोज केळीच्या बागेत जायचं आणि ओझं न्यायचं असेल, तर मोपेडच घ्या. दिसायला साधी, पण त्या कामाला तीच खरी.

ऑइल

बाईकची लिटरची बाटली स्कूटरमध्ये पूर्ण रिकामी करणं ही नेहमीची चूक. बहुतेक स्कूटरना ऑइल बदलताना 650 ते 800 मि.ली. पुरतं. जास्त झालं की ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरपर्यंत चढतं, गाडी धूर सोडते. स्कूटरसाठी बाटलीवर 'एमबी' ग्रेड (क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो अशा गाड्यांचं ऑइल) पाहा. बाईकचं 'एमए' घातलं तर मोठं नुकसान नाही, ॲव्हरेज जरा घसरेल. उलट 'एमबी' बाईकमध्ये गेलं, तर तिचा क्लच सरकू लागतो. मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं वेगळं ऑइल, साधारण 100 ते 120 मि.ली., बदलायचं तर कुणाच्या ध्यानातच नसतं. मागून घुंई आवाज यायला लागला की मगच त्याची आठवण होते.

व्हेरिएटर आणि बेल्ट

पिकअप गेला की लोक आधी प्लग बदलतात, मग इंजिन खोलायला सांगतात. त्याआधी ही लक्षणं ताडून पाहा:

- एक्सलेटर पिळल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पळत नाही: बेल्ट झिजलाय किंवा सरकतोय.
- उभ्या गाडीवरून निघताना थरथर: क्लच शू (क्लचचे घासून पकड घेणारे तुकडे) गुळगुळीत झालेत किंवा क्लचच्या डब्यात धूळ साचलीय.
- निघताना गाडी मंद, ठराविक वेगाला घरघर: व्हेरिएटरमधले रोलर एका बाजूने चपटे झालेत.

डाव्या बाजूचं कव्हर उघडून हवेने धूळ काढा, बेल्टच्या भेगा पाहा, रुंदी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. बेल्ट साधारण 20 ते 24 हजार किलोमीटरला बदलतात. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच पाहावा. बेल्टवर किंवा पुलीच्या तोंडावर ग्रीस-ऑइलचं बोटही लागू देऊ नका. 'आवाज येतो म्हणून थोडं ग्रीस लावलं' असं करणाऱ्या मेस्त्रीकडे पुन्हा जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तेल लावलेला कागदी एअर फिल्टर धुऊन-झटकून चालत नाही, तो बदलायचाच असतो.

घाट

तोरणमाळ किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट. बाईकवाला उतरताना गिअरवर गाडी रोखतो. स्कूटरमध्ये वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा आधार जातो. मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून धरलेला ड्रम तापतो आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. दोन्ही ब्रेक दाबा-सोडा करत वापरा, तापल्याचा वास आला की थांबा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर निव्वळ वेडेपणा.

बंद पडली की धक्का

स्कूटर धक्क्याने सुरू होत नाही, कारण क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवरच पकडतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंधन पंप विजेवर चालतो, म्हणून बॅटरी पार उतरली असेल तर किकही फुकट जाते. टाकी गळ्यापर्यंत भरू नका; उन्हात पेट्रोल फुगतं, वाफेच्या डब्यात शिरतं आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

इलेक्ट्रिक

इथे तर दोन जातींच्या सवयी बऱ्याच उलट्या. बिननंबरच्या स्वस्त गाडीत लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर ती रोज पूर्ण चार्ज करायची. अर्धवट सोडून चार दिवस ठेवली की तिची क्षमता घटते. लिथियमला रोज 100 टक्क्यांची गरज नसते आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर 50-60 टक्के चार्ज पुरे. भुसावळ-जळगावच्या 44-45 अंशांत बाहेरून आल्याआल्या प्लग लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. चार्जर बंद डिक्कीत ठेवून चार्जिंग नको, हलकं एक्स्टेन्शनही नको. अर्थिंग असलेला पक्का 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. रेंज कंपनीच्या आकड्याच्या पाऊणपटच धरा, डबल सीट असेल तर त्याहून कमी.

नंबर प्लेट आणि लायसन्सशिवाय चालणारी गाडी म्हणजे मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत. 'एक वायर काढली की 45 ने पळते' असं दुकानदार सांगत असेल, तर गाडी तिथेच सोडा. त्या वेगाला ती कायद्याने मोटार वाहन ठरते आणि अपघात झाला तर तिला ना नोंदणी, ना विमा.