बचत गटाचा फिरता निधी: मागायचा कसा, वापरायचा कसा

‘उमेद’चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, फिरता निधी हे कर्ज नव्हे, तो गटाचा स्वतःचा निधी. महाराष्ट्रात पात्र गटाला ३० हजार रुपये मिळतात, एकदाच.

शासन पाहतं ती पंचसूत्री: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि नोंदी. हे किमान तीन महिने पाळलं की प्रतवारी होते. बहुतेक गट अडकतात ते नोंदींवर. सगळ्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने केलेलं इतिवृत्त तपासणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं! म्हणून बैठक उठण्याआधी रोख मोजा, वहीतल्या शिलकेशी जुळवा, मगच सह्या. बारा जणींचे शंभर-शंभर म्हणजे १,२०० जमा. एक गैरहजर असेल तर १,१०० लिहा, पुढच्या वेळी ‘मागील बाकी’ म्हणून वेगळी ओळ घ्या. बँक खातं गटाच्याच नावावर हवं.

पैसे आले की वाटून घ्यायचे, ही सर्वांत महागडी चूक. प्रत्येकीला अडीच हजार येतात, कुणाचंच काम होत नाही आणि निधी फिरायचा थांबतो. त्याऐवजी दोघी-तिघींना गरजेप्रमाणे कर्ज द्या: शिलाई मशीन, शेळी, भाजीचा माल. शेळीला हप्ता लगेच लावू नका, विक्रीच्या महिन्याला बांधा. भाजीवालीचा मात्र आठवड्यालाच घ्या.

सहा महिने व्यवहार चालू राहिला की बँकेकडे जा. पहिलं कर्ज गटनिधीच्या (बचत, व्याज आणि फिरता निधी मिळून) सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त ते. वीस लाखांपर्यंत तारण लागत नाही. मागितलंच तर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत पुढे ठेवा.