समुद्र आणि जुनी ठिकाणं एकाच सहलीत? नाशिककरांनो, या चुका टाळा

अलिबागला आम्ही सकाळी अकरा वाजता समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालो, कारण तोवर सगळ्यांचा नाश्ता व्हायचा होता. वाळू मोकळी दिसत होती, घोट्याएवढं पाणी होतं. किल्ल्यातला सिद्धिविनायक पाहिला, तटावर फोटो काढले आणि साडेबाराला परत निघालो, तर पाणी गुडघ्याच्या वर. मुलगी कडेवर, सासूबाईंचा हात माझ्या हातात. एका कोळीदादांनी लांबून ओरडून आम्हाला मागे फिरवलं आणि मग होडीतून आणलं. त्या दिवशी पंचमी होती. त्यांनी होडीतच मला भरती-ओहोटीचा हिशोब शिकवला, तो आधी सांगते, कारण इथल्या निम्म्या चुका याच एका अज्ञानातून होतात.

तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी सहा-सव्वासहा तास पूर्ण ओहोटी, म्हणजे साडेनऊ-दहा. आम्ही गेलो तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं! शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, आणि वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. चालत जायचं तर तृतीया ते पंचमीची सकाळ सोयीची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही तसं फारसं हटतही नाही. चालत जाण्याचा बेत त्या दिवशी ठेवू नका. हा अंदाज झाला. निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी "कधीही जा" असं सांगितलं होतं, आणि आम्ही ते ऐकलं.

किल्ल्यात अडकलातच, तर थांबा. होड्या चालू असतील तर होडीने या, नसतील तर पुढच्या ओहोटीची वाट बघा. "एवढंसं तर पाणी आहे" म्हणून उतरू नका, कारण पाण्याला ओढ असते आणि पायाखालचे खडक शेवाळलेले असतात.

दुसरी चूक वाराची. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे आपल्याला पाठ, त्यामुळे सोमवार बिनधास्त धरला जातो. घारापुरी आणि कान्हेरी, दोन्ही लेणी सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी आली की नाशिकहून निघालेली कुटुंबं पहिले दोन दिवस किनाऱ्यावर घालवतात आणि लेणी परतीच्या सोमवारवर ढकलतात. उलटं करा. शनिवारी सकाळी गेटवेहून घारापुरीची बोट धरा. जायलाच तासभर लागतो, वर पायऱ्या आहेत, आणि ती सुमारे वीस फुटांची त्रिमुखी शिवमूर्ती दहा मिनिटांत पाहून निघण्यासारखी नाही. अंधारातून डोळे सरावले की मधल्या मुखाचे मिटलेले डोळे दिसू लागतात. तेवढा वेळ तिथे उभं राहा.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत कोकणातली प्रवासी जलवाहतूक बहुतेक बंद असते. जंजिऱ्याला जायचं असेल तर तो काळ सोडाच. एरवीही राजपुरीहून शिडाची होडी नेते आणि किल्ल्यात तासाभराच्या आत परत बोलावते. म्हणून आत शिरल्यावर आधी कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचं तळं बघून घ्या, फोटो नंतर.

आणि गाडी वाळूत घालू नका. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. सगळे उतरा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा थोडी कमी करा, तरी निघाली नाही तर लगेच गावातला ट्रॅक्टर बोलवा. भरती लागली असेल तर सामान आधी काढा.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त टोचते ती. नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या सोपारा बंदराच्या जागी, लोक बौद्ध स्तूप बघायला जातात आणि "विटांचा ढिगारा तर आहे" म्हणून परत येतात. बंदरही शोधतात, पण खाडी गाळाने भरली, समुद्र आता दूर आहे. बुरुड राजाच्या कोटात 1882 साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप उकरला. अशोकाच्या लेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच मिळाले. हे सगळं समजून घ्यायला सुरुवात नाशिकहून करावी लागते. निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन पांडवलेणी चढा. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात गोवर्धनात आणि शूर्पारकात विश्रामगृहं बांधल्याचं कोरलेलं आहे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन, शूर्पारक म्हणजे सोपारा. पुढे त्याने कोणत्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्यांची नावं आहेत: दमण, तापी, डहाणुका. माझ्या मुलीने "डहाणू? आपण जाणार ते डहाणू?" असं विचारलं, आणि नंतर सोपाऱ्याच्या विटांपाशी ती अर्धा तास बसली.

वसईचंही तसंच. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि पंचवटीतल्या नारोशंकराच्या मंदिरावरची ती मोठी घंटा त्याच विजयातली, 1721 साल कोरलेली पोर्तुगीज घंटा. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, पाणी घंटेला लागलं का? वसईच्या पडक्या चर्चमध्ये उभं राहण्याआधी एकदा ती घंटा नीट बघून जा.

डहाणूला जायचं तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार हा रस्ता धरा, पण उजेडात. घाटात पावसाळ्यात धुकं असतं, आणि रात्री पंक्चर झाली तर मदत लवकर मिळत नाही. स्टेपनीतली हवा नाशिकमध्येच तपासा. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला चिकूच्या बागांपाशी पोहोचता, आणि त्या दिवशी तृतीया असेल तर दुपारी सव्वादोनला भरती समोरच दिसते.