समुद्रतळावर जाळं ओढायला जाताना: वडोदऱ्याच्या विद्यार्थ्यांसाठी

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.नंतर सागरी जीवशास्त्र करायचं म्हटलं की वडोदऱ्यात घरचे पहिलं विचारतात, "अगं, इथे समुद्र कुठाय?" त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्या. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या ब्लू व्हेलचा सांगाडा तिथे आहे. शिवाय सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं, द्वारकेजवळचं ओखामंडळ बडोदा संस्थानातच होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या इंग्रज सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या सागरी प्राण्यांचा अहवाल करून घेतला होता. त्याचा पहिला भाग १९०९ साली निघाला.

आता कामाचं. तळावरचे प्राणी गोळा करायला बऱ्याचदा ॲगासीझ ट्रॉल वापरतात. लोखंडी चौकट आणि मागे जाळ्याची पिशवी. चौकट दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे उलटी पडली तरी काम अडत नाही. उथळ पाण्यात खोलीच्या साधारण तिप्पट वायर सोडतात आणि बोट दीड-दोन नॉटने (म्हणजे ताशी दीड-दोन सागरी मैल) संथ चालवतात. वायर कमी पडली तर जाळं तळाला टेकतच नाही. ताणलेल्या वायरच्या रेषेत कधीच उभं राहू नका, तुटली तर ती चाबकासारखी येते.

ट्रॉलमधून तळावर काय आहे ते कळतं, किती आहे ते नाही. चौरस मीटरमागे संख्या हवी असेल तर ठरावीक क्षेत्रातला गाळ जबड्यासारखा उचलणारा व्हॅन व्हीनसारखा ग्रॅबच टाकायला हवा. ट्रॉलच्या आकड्यांवरून घनता काढलेले प्रबंध दिसले की मला फार वाईट वाटतं.

खरी परीक्षा जाळं डेकवर आल्यावर. पिशवीची गाठ सुटते आणि काळा चिखल, शिंपल्यांचा चुरा, चिमुकले खेकडे असा सगळा ढीग समोर पडतो. नाजूक जीव आधी उचला. ब्रिटल स्टारचा (तारामाशाच्या नात्यातला, लांब ठिसूळ हातांचा प्राणी) हात धरलात तर चिमटीत फक्त हातच उरतो, म्हणून मधल्या चकतीखाली चमचा सरकवा. उरलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत घ्या. वरून पाइपचा जोर नको. चाळणी पाण्याच्या टबात बुडवून हळूहळू हलवा. पॉलिकीट (समुद्रातले वलयांकित, केसाळ कृमी) जिवंतपणी थेट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, गेले की आक्रसतात, तुटतात, मग जात ओळखणं अवघड. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात त्यांना गुंगी येऊ द्या. डीएनएसाठी ठेवायचे असतील तर फॉर्मलिन नकोच, ९५ टक्के इथेनॉल.

लेबल बरणीच्या आत आणि पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. जाळं टेकल्याची आणि उचलल्याची वेळ, दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश, खोली, सगळं तिथल्या तिथे लिहा. लेबल नसलेला नमुना कितीही दुर्मिळ असो, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही.

प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते गोळा करायची परवानगी मोहिमेआधीच काढावी लागते. ती हातात नसेल तर जाळ्यात आलेला जीव लगेच पाण्यात सोडा.

बोटीवर बोलावणं येईपर्यंत विभागातल्या जुन्या बरण्या मागून घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिकीटची कुळं ओळखायला शिका. डेकवर अशा माणसाची फार गरज असते.