बोटीची बॅटरी बदलताना आधी हिशेब, मग खरेदी

चावी फिरवली आणि इंजिनाऐवजी नुसता ‘टक्’ आवाज आला, की माणूस तडक दुकान गाठतो आणि होती तशीच दुसरी बॅटरी उचलून आणतो. दोन हंगामांत तीही बसते. बऱ्याचदा दोष बॅटरीचा नसतोच. तिच्याकडून भलतंच काम करून घेतलेलं असतं, नाहीतर तिला पुरतं चार्जिंग कधी मिळालेलंच नसतं. म्हणून बॅटरीच्या लेबलाकडे मी सगळ्यात शेवटी बघतो.

पहिली पायरी: जुनी खरंच गेली आहे का?

बॅटरी पूर्ण चार्ज करा, सगळ्या तारा सोडवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी मल्टिमीटर लावा. साधी लेड-ॲसिड बॅटरी धडधाकट असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतील. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धीच उरली. रात्रभरात आकडा १०.५ च्या जवळ आला असेल, तर सहापैकी एक सेल मेला असं समजा, कारण एक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, हाही वापरता येतो. पूर्ण चार्ज झालेल्या सेलची घनता १.२६५ च्या आसपास येते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे पडला असेल तर त्या बॅटरीवर वेळ घालवू नका.

आकडे चांगले आहेत आणि इंजिन तरीही कुथतंय? मग मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर बसवलेल्या केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, धरा, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या सांध्यात गंज आहे. पॉलिश पेपरच्या एका तुकड्याने वाचलेली बॅटरी मी पाहिली आहे.

दुसरी पायरी: काम कोणतं?

स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. ती काही सेकंद प्रचंड करंट देते आणि लगेच परत भरली जाते. घरगुती कामाच्या, म्हणजे दिवे, फ्रिज आणि नकाशाचा पडदा चालवणाऱ्या डीप सायकल बॅटरीत प्लेटा जाड असतात. ती तासन्‌तास हळूहळू उतरते. पातळ प्लेटांची बॅटरी रोज अर्ध्यापर्यंत उतरवली तर ती लवकरच निकामी होते.

स्टार्टरसाठी सीसीए, म्हणजे ‘कोल्ड क्रँकिंग ॲम्प्स’, हा आकडा बघायचा. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती ॲम्पिअर देऊ शकते, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, हे तो सांगतो. बोटीच्या बॅटरीवर कधीकधी एमसीए, म्हणजे ‘मरीन क्रँकिंग ॲम्प्स’, लिहिलेलं असतं. ते शून्य अंशाला मोजतात, म्हणून त्याच बॅटरीचा आकडा मोठा दिसतो. तुलना करताना दोन्ही बॅटऱ्यांवर एकच माप आहे ना, हे बघा. किती हवं ते इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्याहून थोडं जास्त घेतलं तर चालतं, कमी घेऊ नका.

दोन्ही कामं करणाऱ्या ‘ड्युअल पर्पज’ बॅटऱ्याही मिळतात. एकाच बॅटरीची जागा असलेल्या छोट्या बोटीला त्या ठीक. जागा असेल तर दोन वेगळ्याच ठेवा. रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी इंजिन सुरू झालं पाहिजे.

तिसरी पायरी: दिवसाचा खर्च लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते. प्रत्येक उपकरण किती ॲम्पिअर घेतं आणि दिवसात किती तास चालतं, याचा गुणाकार करा. उदाहरणार्थ, ४.५ ॲम्पिअरचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर ५४ ॲम्पिअर-तास. नांगर टाकून मुक्काम असताना रात्रभरचा एलईडी दिवा २. नकाशाचा पडदा ६ तास, ९. रेडिओ ऐकत राहणं, ४. फोन आणि किरकोळ ६. एकूण ७५. फ्रिज काढला तर २१ उरतात, म्हणजे हा सगळा खटाटोप खरं तर फ्रिजसाठीच आहे.

आता ७५ म्हणजे १०० ॲम्पिअर-तासांची एक बॅटरी पुरे, असं वाटेल. लेड-ॲसिडच्या बाबतीत ते चुकीचं आहे. ती निम्म्याच्या खाली नेली तर आयुष्य झपाट्याने घटतं. वरच्या बाजूला साधारण ८५ टक्क्यांनंतर ती करंट इतका हळू घेते, की इंजिन चालवून पूर्ण भरायला दिवस मोडतो. बंदराबाहेर असताना हाताशी उरतात मधले ३५ टक्के. ७५ भागिले ०.३५ म्हणजे २१४. मालिकेत जोडलेल्या दोन ६ व्होल्टच्या गोल्फ कार्ट बॅटऱ्या साधारण तेवढं देतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, बिनदिक्कत ८० टक्के वापरता येते आणि शेवटपर्यंत जोमाने चार्ज होते. तिथे १०० ची एक पुरते, आणि वजनही निम्म्याहून कमी.

लेबलवरचे ॲम्पिअर-तास २० तासांच्या हिशेबाने असतात हेही ध्यानात ठेवा. १०० ची बॅटरी ५ ॲम्पिअर २० तास देते. इनव्हर्टर लावून ५० ॲम्पिअर ओढले, तर लेड-ॲसिडकडून दोन तास मिळणार नाहीत.

चौथी पायरी: तिला भरणार कोण?

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. साध्या लेड-ॲसिडला चार्जिंगच्या वेळी १४.४ ते १४.८ व्होल्ट चालतात. एजीएमचंही, म्हणजे जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं तिचंही, जवळपास तेच. जेल, म्हणजे ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेली बॅटरी, मात्र नाजूक. १४.१ च्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर आत बुडबुडे होतात आणि ते पुन्हा बुजत नाहीत. एलएफपीला १४.२ ते १४.६. गोठणबिंदूखाली मात्र ती चार्ज करायचीच नाही. नक्की आकडा बॅटरीच्या कागदावर असतो. तुमच्या चार्जरवर त्या प्रकारची सोय नसेल, तर चार्जरची किंमतही बॅटरीत धरा.

लिथियमची खरी भानगड अल्टरनेटरशी, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राशी, आहे. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. सतत पूर्ण ताकदीने चालण्यासाठी न बनलेला अल्टरनेटर त्यात तापून जळतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटने, मध्येच जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. उपाय साधा आहे: अल्टरनेटर स्टार्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरायची.

सुट्टीच्या दिवशी चार तास फिरणाऱ्या, एक पंप आणि दोन दिवे असलेल्या बोटीला लिथियम म्हणजे पैशांची हौस आहे. आठवडाभर बोटीवर राहणाऱ्यांसाठी मात्र मी तीच सुचवेन.

पाचवी पायरी: जागा आणि हवा

लांबी, रुंदी, उंची मोजा, आणि उंचीत टर्मिनल धरा. प्लस कोणत्या बाजूला आहे तेही बघा, नाहीतर केबल दोन बोटं तोकडी पडते. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून खोक्याला वरून वाट हवी. खारं पाणी ॲसिडमध्ये शिरलं तर विषारी क्लोरिन निघतो. तळाशी पाणी साचणाऱ्या जागी ती बसवू नका. कलणाऱ्या शिडाच्या बोटीत एजीएम बरी, कारण ती सांडत नाही.

सहावी पायरी: घेणं आणि बसवणं

उत्पादनाची तारीख विचारा. सहा महिने चार्जिंगशिवाय पडून राहिलेली लेड-ॲसिड सवलतीतही घेऊ नका. एकत्र जोडायच्या बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच आकाराच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनी असेल ती नवीला आपल्यासोबत खाली ओढते.

जुनी काढण्याआधी तारांचा फोटो काढा. सोडवताना आधी मायनस, जोडताना आधी प्लस. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या निकषानुसार ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलोच्या जोराने ढकलली तरी बॅटरी एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्टा बांधून झाला की दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघा. घरगुती बॅटरीच्या प्लसजवळ, १८ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज हवा. जाड केबलींना चिमटीने फिरवायचे विंगनट लावू नका, लाटांच्या हादऱ्यांनी ते सुटतात. नायलॉनचं कडं असलेले नट पान्याने आवळा.

बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची, तार मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर येत असते. ती बारीक तार नवी बॅटरी जोडताना हमखास खाली लोंबत राहते. तळात पाणी ओतून तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो, हे पाहिल्याशिवाय बोट सोडून जाऊ नका.